ताईआत्याचे कागद

ताईआत्या गेली १४ डिसेंबर २०२३ ला, पहाटे, कराडच्या घरी, स्वतःच्या कॉटवर. ७३ वर्षांची होती. त्यानंतरचे नऊ-दहा महिने मी तिचे कागद करत होते, म्हणजे पेन्शन बंद करणं, कार्डं परत करणं, खाती बंद करणं, ही सगळी कामं. ती करता करता, जिच्या मांडीवर मी वाढले ती बाई मला नव्याने कळत गेली, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

ताईआत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, पाच भावंडांत पहिली. बाबा, काका, बाकीच्या दोन आत्या सगळे तिला ताई म्हणायचे म्हणून आम्हा पोरांची ती ताईआत्या. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होती, २००५ ला लेफ्टनंट कर्नल म्हणून रिटायर झाली, लग्न केलं नाही. आमच्या घरात तिची ओळख एवढ्यात संपायची आणि पुढे सगळे एकच वाक्य म्हणायचे, ताईने घरासाठी फार केलं. काय केलं, कसं केलं, त्याबदली तिचं काय गेलं, हे कुणी विचारलंच नाही. मी पण नाही विचारलं.

तेरावं झालं आणि जानेवारीत मी कामाला लागले. कुणाला उपयोग होईल म्हणून सांगते, सगळ्यात आधी मृत्यूचा दाखला नगरपालिकेतून घ्या आणि चांगल्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. पेन्शनरचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका, कारण आता डिफेन्स पेन्शनचं सगळं स्पर्श नावाच्या ऑनलाइन सिस्टिमवर असतं आणि ओटीपी त्याच नंबरवर येतो. मी तिच्या सिमला रिचार्ज मारत राहिले. तिच्या मोबाइलवर अजून गुड मॉर्निंगचे मेसेज येत होते, गुलाबाची फुलं वगैरे, ज्यांना कळलं नव्हतं त्यांचे. आणखी एक, खात्यातून पैसे काढू नका. डिसेंबरची पेन्शन महिन्याच्या शेवटी पूर्ण जमा झाली होती पण हक्क फक्त १४ तारखेपर्यंतचा, वरचे पैसे परत जातात. काकांना वाटत होतं की दवाखान्याची बिलं त्यातून भागवू, मी म्हटलं हात लावायचा नाही.

तर एका ऑफिसात गेले, नाव नाही सांगत. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म घेतला, चाळला आणि विचारलं, यांच्या मिस्टरांचा सर्व्हिस नंबर टाका ना इथे. मी म्हटलं मिस्टर नाहीत, पेन्शन त्यांची स्वतःची आहे. तो म्हणाला हो पण फॅमिली पेन्शन असेल ना, मूळ पेन्शनर कोण? मूळ पेन्शनर त्याच. असं तीन वेळा झालं. शेवटी मी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा आदेश, पुढे केला, अलाहाबादहून आलेला २००५ चा कागद, त्यावर तिची रँक वाचली तेव्हा तो माणूस गप्प झाला आणि म्हणाला, बसा मॅडम. त्याच्यावर राग नाही धरत, पण रिक्षात बसल्यावर रडायला आलं. तेहेतीस वर्षं नोकरी करून, खांद्यावर अशोकस्तंभ आणि स्टार लावून रिटायर झालेली बाई, आणि कागद बघणाऱ्याला आधी तिचा नवरा हवा.

त्या दिवशी घरी येऊन मी तिची ट्रंक काढली, कारण कमिशनचं, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमल्याचं पत्र आणि नॉमिनेशनचा फॉर्म शोधायचा होता.

मिलिटरीतल्या सगळ्यांकडे असते तशीच काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि रँक लिहिलेली. प्रमोशन झालं की जुनी रँक काळ्या रंगाने पुसायची आणि नवी लिहायची. तिच्या ट्रंकेवर त्या जागी रंगाचा थर इतका जाड झालाय की बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. लेफ्टनंटवर कॅप्टन, त्यावर मेजर, त्यावर लेफ्टनंट कर्नल. बाजूने उजेड पाडला तर खालची अक्षरं पुसट दिसतात अजून.

आत काय होतं ते सांगायच्या आधी ती मिलिटरीत कशी गेली ते सांगायला पाहिजे. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चारच्या पुढे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती १७ वर्षांची होती. घराची मागची भिंत आबांच्या पायावर पडली, मांडीचं हाड मोडलं. धाकट्यांना घेऊन आजी अंगणात आणि ताईआत्या एकटी दगड उचलत होती. नंतर मदतीला आलेल्या लोकांनी तंबूत दवाखाना टाकला होता, आबा तिथे बरेच दिवस होते आणि सोबतीला ही. तिथल्या एका नर्सबाईने हिला पट्टी गुंडाळायला शिकवली. एवढंच. पुढच्या वर्षी पेपरात मिलिटरी नर्सिंगच्या ट्रेनिंगची जाहिरात आली, राहणं-खाणं सरकारी, वर स्टायपेंड, बदल्यात बाँड. आबांचा पाय आखूड झालेला, जिरायत जमीन, चार धाकटी भावंडं. तिने गावच्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला आणि पुण्याला गेली. तिला पहाटे चारला जाग यायची ती कायमची. दर ११ डिसेंबरला तर ती साडेतीनलाच उठून चहा टाकायची आणि सगळ्यांच्या खोलीत एकदा डोकावून जायची. २०२३ लाही डोकावली, जायच्या तीनच दिवस आधी.

ट्रेनिंगबद्दल ती थोडंफार बोलायची. शेवटच्या वर्षाला असताना डिसेंबर १९७१ ची लढाई झाली, ३ तारखेला सुरू आणि १६ ला संपली पण, पण पुण्यात ती पुढे कितीतरी महिने चालू होती असं ती म्हणायची. सुरुंगावर पाय पडलेले जवान पुण्याला आणायचे, कारण कृत्रिम पाय बसवण्याचं सेंटर, आर्टिफिशियल लिंब सेंटर, १९४४ पासून पुण्यातच आहे. एक पोरगा रोज रात्री तिला हाक मारायचा, सिस्टर, पायाचा अंगठा खाजतोय. गुडघ्याखाली पाय नव्हता. पहिल्या रात्री ती म्हणाली, अरे तिथे पाय नाहीये, आणि त्याचं तोंड बघून तिला इतकं वाईट वाटलं की पुन्हा कधी ते वाक्य तोंडातून काढलं नाही. मग ती स्टूल घेऊन बसायची आणि बँडेजच्या वरून मांडी हळूहळू चोळायची, तो झोपेपर्यंत. मी लहान असताना ताप आला की ती माझे पाय तसेच चोळायची, वरून खाली, न थांबता.

ट्रंकेत सगळ्यात वर कमिशनचं पत्र निघालं, १९७२ चं. त्याखाली एक पेपरचं कात्रण, पिवळं पडलेलं, १९७६ चं, जी. ए. राम मेजर जनरल झाल्या त्याचं. भारतीय सैन्यदलात मेजर जनरल होणाऱ्या त्या पहिल्या बाई आणि त्या नर्सिंग सर्व्हिसच्या. हे मला ट्रंक उघडेपर्यंत माहीत नव्हतं. आजही कुणाला विचारलं सैन्यातली पहिली बाई जनरल कोण तर डॉक्टर नाहीतर पायलटचं नाव सांगतील. ताईआत्याने ते कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवून ४७ वर्षं जपलं होतं. नर्सिंग सर्व्हिसचा वाढदिवस तिला आमच्या वाढदिवसांइतका पाठ, १ ऑक्टोबर, १९२६ सालचा, आणि त्याच्याही आधी २८ मार्च १८८८ ला पहिल्या दहा नर्सेस मुंबईत उतरल्या ते पण. आमच्या पहिल्या दहाजणी, असं म्हणायची, जशा काय तिच्या चुलत्या-मावश्या.

आणि तळाशी बँडेजच्या पट्टीने बांधलेला गठ्ठा. मला वाटलं पत्रं असतील. पत्रं वेगळी होती, निळी इनलँड, मागे केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे मिलिटरीच्या पोस्टाचा पत्ता लिहिलेली. हा गठ्ठा मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा होता.

ज्यांनी मनीऑर्डर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पैसे ज्याला मिळाले त्याची सही घेऊन एक छोटी चिठ्ठी पाठवणाऱ्याकडे परत यायची. ताईआत्याने अशा २११ चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, तारखेप्रमाणे लावून. पहिली १९६९ ची, २५ रुपयांची, ती तर स्टायपेंडमधून. मग ६०, मग १००, मग १५०, काही महिन्यांत ३००. मी वही घेऊन बसले आणि एकेक तारीख उतरवायला लागले आणि बाबा समोर बसून सांगायला लागले, हा जून म्हणजे माझी फी. हा नोव्हेंबर म्हणजे मधल्या ताईचं बाळंतपण. हे विहिरीचं. हे, थांब, हे मला टायफॉइड झाला होता तेव्हा. १९७८ ते ८२ बाबा सांगलीला वालचंदला इंजिनिअरिंगला होते, त्या चार वर्षांत एकही महिना चुकलेला नाही. ती तेव्हा कुठे कुठे होती, एकदा तर आसामात, पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावती आहेच.

सुरुवातीला सगळ्यांवर आबांची सही, मोडी वळणाची, एका फटक्यात केलेली. १९८३ ला आबा गेले. त्यानंतर आजीचा अंगठा, जांभळ्या शाईचा, कुठे फिसकटलेला कुठे नीट. आणि १९८५ च्या जुलैपासून अंगठा बंद आणि सही सुरू. थरथरती, मोठी मोठी अक्षरं, चौकटीच्या बाहेर गेलेली. मी बाबांना विचारलं हे काय, आजीला लिहिता यायचं? बाबा बराच वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसले. मग म्हणाले, त्या मे-जूनला ताई दोन महिने रजेवर आली होती, रोज रात्री आईला पाटीवर नाव गिरवायला लावायची. आम्हाला वाटायचं गंमत चाललीय. अंगठा द्यायचा नाही, आता तू ऑफिसरची आई आहेस, असं ताई म्हणायची.

आता जे सांगायचंय ते मला नीट सांगता येईल का माहीत नाही.

पावत्यांच्या खाली एक सायक्लोस्टाइल केलेला कागद होता, चार घड्या घालून. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या नोकरीच्या अटींचा. आर्मी इन्स्ट्रक्शन नंबर ६१, साल १९७७. इंग्रजीतला सरकारी मजकूर, मी नुसता चाळला. नोकरी कोणत्या कारणांनी संपवता येते त्याची यादी होती, मेडिकली अनफिट, गैरवर्तन वगैरे, आणि त्यात एक कारण, लग्न झाल्यास. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ होती. बारीक, पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ.

मी तो कागद परत घडी घालून ठेवला आणि कुणाला बोलले नाही. मला वाटलं मी चुकीचं वाचलं असेल.

आणि मग फेब्रुवारी २०२४ च्या शेवटाला पेपरात बातमी. सुप्रीम कोर्टाने १४ फेब्रुवारीला निकाल दिला होता. मिलिटरी नर्सिंगच्या एका लेफ्टनंटला १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून नोकरीतून काढलं होतं, ती बाई इतकी वर्षं लढत होती, कोर्टाने सांगितलं की लग्न केलं म्हणून बाईला कामावरून काढणं हा उघड उघड भेदभाव आहे आणि तिला ६० लाख भरपाई द्या. बातमीत तोच नंबर, ६१, तेच साल. तो नियम फक्त नर्सिंग ऑफिसर बायकांनाच होता. १९९५ मध्ये मागे घेतला गेला. १९९५ मध्ये ताईआत्या ४५ वर्षांची होती. आणि हा निकाल आला तेव्हा तिला जाऊन बरोबर दोन महिने झाले होते, तारखेला तारीख.

आमच्या घरात सगळे काय म्हणायचे, ताईला लग्नाची आवडच नव्हती. माझी आई पण हेच सांगायची. काकू म्हणायची, मिलिटरीतल्या बायका तशाच असतात. मला आता ते वाक्य आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मी कोट्टायमच्या मॅडमना फोन केला. त्या ताईआत्याच्या बॅचमेट, पुण्याला ट्रेनिंगला एकाच खोलीत होत्या, त्या पण मेजर होऊन रिटायर झाल्या. ताईआत्या गेल्याचं मीच त्यांना डिसेंबरात कळवलं होतं. बातमीचं सांगितलं, त्यांनी वाचली होती. मी विचारलं, मॅडम, आत्याचं कधी काही होतं का. त्या थोडं थांबल्या आणि हिंदीत म्हणाल्या, था एक, अच्छा था, शिक्षक होता आर्मी स्कूलमध्ये, १९८० ची गोष्ट. ताईआत्याने त्यांना विचारलं होतं काय करू म्हणून. मैं क्या बोलती बेटा, असं म्हणाल्या, नोकरी सोडली तर पगार गेला, आणि तुझ्या पप्पांचं तेव्हा कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं. मग तिने नाही सांगितलं त्याला. आठ दिवस जेवली नाही नीट, ड्युटी मात्र एक चुकवली नाही.

बाबांना सांगावं की नाही यावर मी पंधरा दिवस घालवले. मग सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठून कपाटातून तो गठ्ठा काढला, १९८० च्या पावत्या वेगळ्या केल्या, बारा, आणि अंगणात जाऊन झोपाळ्यावर बसले. आईने जेवायला बोलावलं तर आले नाहीत. रात्री मला म्हणाले, एकदा ताई सांगलीला हॉस्टेलवर आली होती भेटायला, त्याच वर्षी असेल, मला नवीन चपला घेऊन दिल्या आणि मिसळ खाल्ली आम्ही, तिने सगळं माझंच विचारलं, मार्क किती, मेसचं जेवण कसं, मी तिला एक शब्द विचारला नाही गं, तू कशी आहेस म्हणून पण नाही. बाबांना मी त्याआधी रडताना पाहिलेलं नाही.

मला इथे एक सांगायचंय की ताईआत्या दुःखी बाई नव्हती. कागद पाहून कुणाला तसं वाटेल म्हणून सांगते. ती खुशीत असायची, तिला तिच्या कामाचा फार अभिमान होता. १९९९ ला कारगिल चालू होतं तेव्हा ती श्रीनगरला ९२ बेस हॉस्पिटलला होती, मेजर होती. मी नऊ वर्षांची. टीव्हीवर बातम्या लागल्या की आजी देवापुढे बसायची. फोन यायचा आठवड्यातून एकदा, दोन मिनिटांचा, आणि त्यात पण ती म्हणायची आईला सांग थंडी नाहीये, पोरांचे रिझल्ट काय लागले? नंतर कधीतरी बोलली की हेलिकॉप्टर उतरलं की स्ट्रेचर यायची आणि आधी बूट कापावे लागायचे, कारण पाय सुजलेले असायचे. आणि कुणी मराठी पोरगा दिसला की ही विचारायची, कुठलं गाव रं तुझं? एकाने सांगितलं खटाव, आणि मग ही त्याला ड्रेसिंग करताना गावाचं सगळं विचारत बसली, जत्रा कधी, बटाटा कसा झाला, आणि तेवढ्या वेळात स्प्लिंटरच्या जखमा साफ करून झाल्या पण. त्याच्या आईचं पोस्टकार्ड ट्रंकेत आहे. चार ओळी, कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या, तुम्ही त्याला आपल्या भाषेत बोलला म्हणून तो झोपला असं तो सांगतो.

पण मला विचाराल तर तिचं खरं काम मी डोळ्यांनी पाहिलं ते घरातच. २००६ ला आजीला लकवा मारला, उजवी बाजू पूर्ण गेली. ताईआत्या रिटायर होऊन वर्षच झालं होतं, पुण्याला एका प्रायव्हेट हॉस्पिटलने तिला चांगल्या पगारावर बोलावलं होतं. तिने नाही कळवलं आणि समोरच्या खोलीचा वॉर्ड केला.

वॉर्ड म्हणजे अक्षरशः वॉर्ड. कॉट भिंतीपासून दोन्ही बाजूंनी सोडवली, खाली विटा लावून उंच केली. गादीवर चादर, चादरीवर रबराचं मॅकिंटॉश, त्यावर आडवी ड्रॉ शीट. कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, तिने मला आणि आईला आणि काकूला वीस वेळा करायला लावलं. चादरीवरून तळहात फिरवून बघायची. एक सुरकुती म्हणजे एक फोड, हे तिचं वाक्य. दर दोन तासांनी कूस बदलायची, उजवी, उताणी, डावी, पायांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली घडी. सकाळ-संध्याकाळ पाठीला स्पिरिट आणि पावडर. रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून पेज द्यायची तर आधी सिरिंजने ओढून बघायचं नळी जागेवर आहे ना, डोक्याकडची बाजू उंच, आणि दिल्यावर अर्धा तास तसंच ठेवायचं. काकू पहिल्यांदा घाबरून रडायला लागली तेव्हा ताईआत्या तिच्यावर ओरडली नाही, तिचा हात हातात धरून सिरिंज धरली आणि म्हणाली, मी पण पहिल्यांदा रडले होते, चल, हळूच.

आणि एक वही. दोनशे पानी, रेघा मारून केलेला चार्ट. वेळ, कूस, आत गेलं किती, बाहेर आलं किती, ताप, शेरा, सही. ज्याने केलं त्याने सही करायची. मी तेव्हा अकरावी-बारावीला, रात्री दोनची पाळी माझी असायची कारण मी जागून अभ्यास करायचे. मी सोळा वर्षांची पोर, आजीला कुशीवर वळवायचे, नोंद करायचे, ०२.००, डावी कूस, पाणी १०० मिली, सही. पहाटे चारला ती उठायची आणि मी तिला हँडिंग ओव्हर द्यायचे, उभं राहून, आजी कशी आहे, किती लघवी झाली, खोकली का. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, जा झोप. त्या दोन शब्दांत मला बरं वाटायचं, मी कुणीतरी उपयोगाची आहे असं.

अशा सात वह्या भरल्या. आजी चार वर्षं अंथरुणावर होती, २०१० ला गेली, आणि शेवटपर्यंत तिच्या अंगावर एकही बेडसोर नव्हता. आमचे डॉक्टर येऊन पाठ बघायचे आणि काही न बोलता ताईआत्याकडे बघून मान हलवायचे. ज्यांनी घरात अंथरुणावरचं माणूस सांभाळलंय त्यांना कळेल ही केवढी गोष्ट आहे.

शेवटच्या वहीचं शेवटचं पान ट्रंकेत सापडलं, फाडून ठेवलेलं. ०४.००, उताणी. पाणी नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात तिच्या नेहमीच्या बारीक अक्षरात, शांत. खाली सही. पूर्ण रँकसकट सही केली होती, जी ती घरच्या चार्टवर एरवी कधी करत नव्हती.

बाकी कागदांचं सांगते आणि थांबते. हेल्थ स्कीमचं ईसीएचएस कार्ड पॉलिक्लिनिकला परत केलं, तिथल्या फार्मसीतल्या ताई तिला ओळखत होत्या, त्यांनी कार्ड घेताना दोन्ही हातांनी घेतलं. कँटीनची कार्डं परत केली. १ ते १४ डिसेंबरच्या पेन्शनचा हिशोब आणि थोडा एरियर, त्यासाठी नॉमिनी लागतो. लग्न न झालेल्या पेन्शनरच्या मागे फॅमिली पेन्शन घेणारं कुणी नसलं की नॉमिनेशनचा कागदच कामाला येतो, नसेल तर वारसाचे दाखले करत बसावं लागतं, म्हणून घरात कुणी एकटे पेन्शनर असतील तर हे आजच बघून घ्या. तिने केलेलं होतं, अर्थातच. नाव माझं होतं. नात्याच्या रकान्यात भाची लिहून तिने ते खोडलं होतं, मुलगी लिहिलं होतं, मग तेही खोडून परत भाची, आणि दोन्ही खाडाखोडीशेजारी छोट्या सह्या, नियमाप्रमाणे.

पैसे ऑगस्टमध्ये आले. आकडा मोठा नव्हता. मी ते पाटणच्या घराच्या मागच्या भिंतीला लावले, भूकंपात पडलेली आणि तिच्याच पैशांनी १९७३ ला बांधलेली, तिला ओल आली होती.

१ ऑक्टोबरला सकाळी आमचा लँडलाइन वाजला. तो नंबर आता कुणी वापरत नाही, पण बाबा बंद करू देत नाहीत. कोट्टायमच्या मॅडम होत्या. दर वर्षी या तारखेला त्या ताईआत्याला फोन करायच्या आणि दोघी तासभर बोलायच्या, मल्याळी-मराठी-हिंदी सगळं एकत्र. म्हणाल्या, आदत है, हाथ अपने आप घूम गया. मी फोन बाबांकडे दिला. बाबांचं हिंदी कच्चं आहे, त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि पहिलं वाक्य विचारलं, आप कैसे हो? तबियत ठीक है? जेवण-खाण?

मग ते खुर्ची ओढून बसले. मी आत जाऊन चहा टाकला, तो गार झाला तरी त्यांचं बोलणं चालूच होतं.